नऊ वर्षांची साल : पोर्तुगालच्या कॉर्क-रानांतून

चालण्याच्या काठ्यांच्या मुठी, बुटांतील इनसोल, बसण्याच्या चटया, मासेमारीच्या गळांचे दांडे अशा भटकंतीच्या सामानात कॉर्क, म्हणजे कॉर्क ओक या झाडाची जाड साल, आता सर्रास दिसतो आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘निसर्गस्नेही’ हे विशेषणही ठरलेले असते. ते त्या वस्तूला कितपत शोभते, हे झाडापासून वस्तूपर्यंतची वाट पाहूनच ठरवावे असे माझ्या आणि दादाच्या मनात बरेच दिवस होते. जगातील जवळजवळ निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमध्ये निघतो आणि साल काढण्याचा हंगाम मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच असतो, त्यामुळे कुठे आणि केव्हा जायचे हा प्रश्न आपोआप सुटला. आम्ही जून २०२५ मध्ये गेलो. व्हिसा, विमान आणि मुक्कामाची व्यवस्था यांबद्दल सांगण्याजोगे काही घडले नाही. दादाच्या काठ्यांना कॉर्कच्या मुठी होत्या, माझ्या काठ्यांना फोमच्या, आणि दोघांच्याही बुटांत कॉर्क व लॅटेक्सचे इनसोल होते. तुलनेची ही सोय मुद्दाम करून घेतली होती.

रविवार : सिंत्रा

लिस्बनच्या रोसिओ स्थानकातून सुटणारी लोकल पाऊण तासात सिंत्राला पोहोचवते. तेथील रंगीत राजवाड्यांकडे जाणारी गर्दी स्थानकातून बाहेर पडताच लागते. आम्ही मात्र डोंगरातील कापुशोस मठाची वाट धरली. तिकडे सार्वजनिक बस जात नाही, टॅक्सी करावी लागते किंवा दोनेक तास चालावे लागते. आम्ही चाललो, आणि जूनचा महिना असूनही झाडांतून इतके दाट धुके उतरले होते की अंगावर जाकीट चढवावे लागले. सिंत्राचा डोंगर समुद्रावरून येणारी ओल अडवतो, याची कल्पना नसेल तर लिस्बनच्या उन्हात निघालेला माणूस येथे कुडकुडतो.

१५६० मध्ये स्थापन झालेला हा फ्रान्सिस्कन साधूंचा मठ ‘कॉर्कचा मठ’ म्हणूनच ओळखला जातो. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांना टेकून बांधलेल्या त्याच्या खोल्या एका माणसाला जेमतेम पाय पसरता येतील एवढ्याच आहेत, दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि दारे, खिडक्यांच्या झडपा, काही छते झाडाच्या खडबडीत सालीने मढवलेली आहेत. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर साधू गेले, साल राहिली. तिकीट तपासणाऱ्या बाईंनी सांगितले, “लोक येथे येऊन म्हणतात, किती सुंदर सजावट! अहो, सजावट कसली, त्यांना परवडणारी आणि ओल रोखणारी तीच एक वस्तू होती.”

मठातील सालीला हात लावण्यास मनाई आहे, पण तिचे काम समजून घ्यायला दादाची काठी पुरेशी होती. धुक्यात दोन तास एकत्र राहिलेल्या त्या काठीची ॲल्युमिनियमची नळी बोटांना बोचत होती आणि मूठ मात्र कोमट वाटत होती. वास्तविक दोन्हींचे तापमान एकच. धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, कॉर्क जवळजवळ घेतच नाही. उन्हातही हेच उलट दिशेने घडते, तापलेल्या दगडावर टेकवून ठेवलेल्या काठीची मूठ हातात घेताना चटका बसत नाही. मठातील साधूंची दारे आणि आजच्या गिर्यारोहकाची मूठ एकाच गुणावर उभी आहेत, आणि हा गुण साल जाड असेल तरच कामाला येतो. ही गोष्ट पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडली.

सोमवार : कोरुश

लिस्बनच्या ईशान्येला सोराइया नदीकाठी वसलेले कोरुश स्वतःला कॉर्कची राजधानी म्हणवते. वाटेवर नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे आणि विजेच्या खांबांवरील करकोच्यांची घरटी पाहून हा कोरडा प्रदेश आहे यावर विश्वास बसत नाही, पण खोरे सोडून जरा चढ लागला की वाळूमिश्रित जमिनीवर विरळ, गोलसर झाडे दिसू लागतात. तोच सोब्रेइरो, म्हणजे कॉर्क ओक. अशा झाडांचे, खाली गवत आणि गुरे असलेले, अर्धे रान आणि अर्धी शेती असे जे रूप असते त्याला पोर्तुगीज लोक मोंतादो म्हणतात.

गावाबाहेर या झाडाला आणि त्याच्या सालीला वाहिलेले एक अभ्यासकेंद्र आहे, त्याची इमारतही बाहेरून कॉर्कनेच मढवलेली आहे. आधी पत्र लिहून वेळ ठरवली होती, त्यामुळे एक तरुण वनशास्त्रज्ञ बाई आमच्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी सालीचा एक बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असाच काप पाहून ‘सेल’ हा शब्द प्रथम वापरला, हे शाळेत पाठ केलेले वाक्य येथे डोळ्यांसमोर आले. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे चार कोटी पेशी, प्रत्येक बंद, प्रत्येकीत हवा, आणि त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ, जो पाण्याला आत येऊ देत नाही. दाबली की पेशी चुरगळते, सोडली की बऱ्याच अंशी पूर्ववत होते. शिवाय दाबल्यावर कॉर्क बाजूंना जवळजवळ फुगत नाही, म्हणूनच तो बाटलीच्या तोंडात सरकतो आणि रबर अडते.

“मग बुटात घालायला हा उत्तमच,” दादा म्हणाला.

“बुटात जे घालता ते हे नव्हे,” बाई हसून म्हणाल्या, आणि आम्हाला जवळच्या एका कारखान्याच्या आवारात घेऊन गेल्या.

तेथे घराच्या उंचीचे सालींचे ढीग रचलेले होते. तोडणीनंतर साल काही महिने अशीच उघड्यावर मुरते, नंतर तासभर उकळत्या पाण्यात ठेवली जाते. त्याने ती स्वच्छ होते, थोडी फुगते आणि तिचा झाडाचा बाक जाऊन ती सपाट होते. मग जाडी आणि प्रत पाहून फळ्या निवडल्या जातात. जाड, निर्दोष फळ्यांतून बाटल्यांची अखंड बुचे पाडली जातात, पातळ फळ्यांतून चकत्या. बुचे पाडून झाल्यावर चाळणीसारखी भोके पडलेली जी फळी उरते ती, तशीच सदोष फळी आणि झाडाची पहिली ओबडधोबड साल, या सगळ्याचा दाणा केला जातो. हा दाणा चिकटद्रव्यात कालवून, दाबून त्याचे ठोकळे आणि दंडगोल बनतात. काठीची मूठ हा असा दंडगोल कातून केलेला असतो, आणि इनसोल म्हणजे दाणा व लॅटेक्स यांचे मिश्रण. अगदी बारीक भुकटी उरते तीही फेकली जात नाही, बॉयलरमध्ये जाळून तिच्यावर पाणी तापवले जाते.

म्हणजे भटकंतीच्या सामानातला कॉर्क हा बहुतांशी बुचाच्या धंद्याचा उरलासुरला भाग आहे. मला ही गोष्ट कमीपणाची वाटली नाही, उलट टाकाऊ न ठरलेल्या वस्तूवरचा विश्वास वाढला. मात्र ‘ही मूठ विकत घ्या आणि रान वाचवा’ अशी जी जाहिरात असते तिची हवा येथे निघून गेली. रान चालते ते बुचाच्या पैशावर. बाईंनी हे स्पष्टच सांगितले : प्लॅस्टिकची बुचे आणि धातूची फिरकीची झाकणे आली तेव्हा मोंतादोच्या मालकांची झोप उडाली होती, काठीच्या मुठींनी ती परत आली असे कोणी म्हणत नाही.

एक सूचना : दाणा चिकटवण्यासाठी काय वापरले आहे, हे विकणाऱ्याला अवश्य विचारावे. बहुतेक मुठी आणि चटयांमध्ये पॉलियुरेथेन हे एक प्रकारचे प्लॅस्टिक असते. त्याचे प्रमाण थोडे असले तरी अशी वस्तू मातीत पुरली की खत होईल या भ्रमात राहू नये. चिकटद्रव्याशिवायचा कॉर्कही असतो, पण तो काळा, वाफेच्या उष्णतेत फुगवून स्वतःच्याच डिंकाने बांधलेला, आणि मुख्यतः भिंतींच्या आवरणासाठी वापरला जाणारा. तो घासला की भुगा पडतो, त्यामुळे पाठीवरच्या सामानात त्याला स्थान नाही.

मंगळवार : मोंतादोतील तोडणी

या दिवसासाठीच सारा खटाटोप होता. मोंतेमोर-ओ-नोवो आणि एव्होरा यांच्या मधल्या भागातील एका शेताच्या मालकीणबाईंनी आम्हाला पहाटे बोलावले होते, कारण तोडणी उजाडताच सुरू होते आणि दुपारी ऊन तापायच्या आत थांबते. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते, गवतावर दव होते आणि रानात सर्व दिशांनी कुऱ्हाडींचे आवाज येत होते.

एका झाडाला दोन माणसे. या कसबी तोडणाऱ्यांना तिरादोर म्हणतात. एकजण खाली, दुसरा फांद्यांच्या दुबेळक्यात चढलेला, आणि दोघांचे घाव एकमेकांना सोडून पडत नाहीत. सालीतील एक खोल भेग निवडून तिच्यात कुऱ्हाडीचे पाते उभे घालायचे, घातल्यावर किंचित पिळायचे, म्हणजे बाहेरची साल आतल्या सालीपासून सुटते. आडवा छेद देऊन फळीची उंची ठरवायची, मग कुऱ्हाडीच्या दांड्याचे पाचरीसारखे तासलेले टोक फटीत सारून साल उचलायची. ती सुटताना ओले कापड फाटावे तसा आवाज होतो आणि पुरुषभर उंचीची पन्हळ हातात येते. आतले खोड पिवळट, ओलसर असते. काही दिवसांत ते गेरूच्या रंगाचे होते आणि पुढील वर्षांत काळवंडत जाते.

टोळीतील सर्वांत वयस्क तिरादोर आजोबा न्याहारीच्या सुटीत आमच्याजवळ येऊन बसले. मालकीणबाई दुभाषाचे काम करत होत्या. घाव किती खोल घालायचा हे कसे कळते, असे मी विचारले तेव्हा त्यांनी कुऱ्हाड उचलून शेजारच्या झाडावर दोनदा हलकेच वाजवली. “पोकळ वाजले तर झाड देते. कोरडे, तुटक वाजले तर झाड धरून ठेवते, मग त्याला आज सोडायचे.” पाते आतल्या सालीत शिरले तर तेथे जखम होते आणि त्या जागी पुन्हा चांगला कॉर्क धरत नाही, म्हणून नवशिका माणूस कित्येक हंगाम जुन्या माणसाच्या जोडीने काम करतो. शेतीतील हंगामी कामांत या कामाची मजुरी सर्वांत वरच्या दर्जाची समजली जाते, आणि तरीही, आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे, पोरे लिस्बनला निघून जातात.

हंगाम उन्हाळ्याचाच का, याचे उत्तर सालीखालच्या जिवंत थरात आहे. कॉर्क तयार करणारा हा थर उन्हाळ्याच्या आरंभी जोमाने वाढतो, त्याच्या पेशी कोवळ्या असतात आणि तेथूनच साल अलगद फाटते. हिवाळ्यात कुऱ्हाड चालवली तर साल सुटत नाही, खोड मात्र सोलवटते.

खोडाचा घेर छातीच्या उंचीला ७० सेंटिमीटर होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही असा कायदा आहे, आणि तेवढा घेर व्हायला साधारण पंचवीस वर्षे लागतात. त्यानंतर दोन तोडण्यांमध्ये किमान नऊ वर्षे जायला हवीत. पहिली साल वेडीवाकडी, दुसरी जरा बरी, आणि बाटलीच्या बुचाच्या लायकीची साल मिळते ती तिसऱ्या तोडणीला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. किती उंचीपर्यंत सोलायचे यालाही मर्यादा आहे : पहिल्या वेळी घेराच्या दुप्पट, दुसऱ्या वेळी अडीचपट, पुढे तिप्पट, त्यावर नाही. झाड सुमारे दोनशे वर्षे जगते. डिसेंबर २०११ मध्ये पोर्तुगालच्या संसदेने त्याला राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केले, आणि परवानगीवाचून ते तोडणे गुन्हा आहे, मग जमीन कोणाचीही असो.

सोललेल्या प्रत्येक खोडावर एक मुलगा पांढऱ्या रंगाने ‘५’ हा आकडा काढत चालला होता. तोडणीच्या वर्षाचा हा शेवटचा अंक असतो. त्या सकाळी खाली पडत असलेल्या सालींवर मागच्या तोडणीचा, २०१६चा, ‘६’ फिकट दिसत होता. तो आकडा सालीबरोबरच कारखान्यात जातो. शेजारच्या वाफ्यातल्या झाडांवर ‘८’, ओढ्यापलीकडे ‘१’ : एकाच शेतात नऊ वर्षांचे वेळापत्रक खोडांवर लिहिलेले. दादा एरवी सालीइतकाच कोरडा माणूस, पण काठीची मूठ हातात फिरवत म्हणाला, “यातल्या दाण्यात कुठले कुठले आकडे असतील कोण जाणे.”

सालींचा ढीग वजनावर विकला जातो आणि अजूनही अरोबा हे जुने माप चालते. एक अरोबा म्हणजे १५ किलो. मालकीणबाईंच्या मते या पैशातूनच झाडांखालची झुडपे काढणे, नवी रोपे लावणे आणि मेंढ्यांना रोपांपासून दूर ठेवणे होते. ते थांबले की झुडपे माजतात आणि उन्हाळ्यातील वणव्याला जळण मिळते. जाड साल असलेला कॉर्क ओक स्वतः वणव्यातून बहुधा वाचतो आणि वरच्या फांद्यांतून पुन्हा पालवतो, पण ज्या वर्षी नुकतीच साल काढली आहे त्या वर्षी तो उघडा पडलेला असतो. खरी चिंता त्यांना मुळांना लागणाऱ्या बुरशीजन्य रोगाची होती. शेताच्या एका टोकाला शेंड्याकडून वाळत गेलेली झाडे त्यांनी आम्हाला दाखवली, तेव्हा त्यांच्या बोलण्यातला उत्साह ओसरला होता.

तोडणी पाहायची असेल तर कोणत्याही रानात थेट शिरू नये. कोरुश आणि एव्होरा परिसरातील ग्रामीण मुक्कामांच्या मालकांना महिनाभर आधी विचारले तर ते ओळखीच्या शेतावर व्यवस्था करून देतात. पाऊस आला की काम थांबते, म्हणून हाताशी एक राखीव दिवस असावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि दीड-दोन लिटर पाणी लागते. फळ्या उतरत असताना झाडाखाली उभे राहू नये.

बुधवार : एव्होरा

विश्रांतीचा दिवस, कारण पारा चाळिशीकडे निघाला होता. तटबंदीच्या आतील एव्होरा १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. रोमन मंदिराचे खांब पाहिले, माणसांच्या हाडांनी भिंती मढवलेले चॅपल पाहिले, आणि दुपारी एका जाड भिंतीच्या खानावळीत शिरलो. आलेंतेजो या भागातील आसोर्दा म्हणजे लसूण, हिरवी कोथिंबीर आणि मीठ एकत्र कुटून त्यावर ऑलिव्ह तेल व उकळते पाणी ओतायचे, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर एक पाण्यात शिजवलेले अंडे. कोथिंबीर अशी मुक्तहस्ते वापरणारे युरोपातील जेवण मी प्रथमच जेवले. दादाने काळ्या डुकराचे मांस मागवले. ही डुकरे शरद ऋतूत मोंतादोतील ओकच्या फळांवर पोसली जातात, म्हणजे तेही त्याच रानाचे उत्पन्न.

मुख्य चौकापासून कॅथीड्रलकडे जाणाऱ्या गल्लीत दुतर्फा कॉर्कच्या वस्तूंची दुकाने आहेत : टोप्या, पाकिटे, छत्र्या, पाठपिशव्या. येथे रविवारचा धडा लागू पडला. पिशवीचे ‘कॉर्क-कापड’ म्हणजे कागदाहून पातळ असा सालीचा पापुद्रा सुती किंवा पॉलिएस्टर कापडावर चिकटवलेला असतो. दिसायला देखणा, शिंतोडे सोसणारा, पाकिटासाठी झकास. पण तेवढ्या पापुद्र्यात ना धक्का शोषण्याची ताकद, ना उष्णता अडवण्याची, आणि पाठपिशवीच्या तळाशी, खडकावर घासला जाणाऱ्या भागी, तो सोलला जातो. पिशवीचा भार पेलते ते मागचे कापडच. म्हणून अशी वस्तू घेताना ती आधी उलटी करून पाहावी आणि शिवणीजवळ दुमडून पाहावी. घडीवर भेगा दिसल्या तर ती पावसात न्यायची वस्तू नाही. आम्ही एक पाकीट घेतले, पाठपिशवी ठेवून दिली.

गुरुवार आणि शुक्रवार : सांतियागो दो कासेम ते सेरकाल

रोता विसेंतीना या पायवाटांच्या जाळ्यातील ‘ऐतिहासिक मार्ग’ सांतियागो दो कासेमच्या टेकडीवरून सुरू होऊन नैर्ऋत्य टोकाच्या साओ विसेंते भूशिरापर्यंत जातो. आम्ही त्याचे पहिले दोन टप्पे चाललो : वाले सेकोपर्यंत साधारण १८ किलोमीटर आणि तेथून सेरकालपर्यंत २३. किनाऱ्याच्या ‘कोळ्यांच्या वाटे’वर हिरव्या-निळ्या खुणा असतात, या मार्गावर लाल-पांढऱ्या. दोन्हींत गोंधळ करू नये. किनाऱ्याची वाट अधिक प्रसिद्ध आहे, पण कॉर्कची राने पाहायची असतील तर आतली हीच वाट धरावी. चालण्याचा योग्य काळ सप्टेंबर ते जूनचा आरंभ. आम्ही जूनच्या उत्तरार्धात गेलो, त्यामुळे पहाटे पाचला निघून दुपारी एकच्या आत मुक्काम गाठत होतो, आणि मध्ये पाणी मिळेलच याचा भरवसा नव्हता.

वाटेवर मोंतादो आणि निलगिरीची लागवड आळीपाळीने येतात. मोंतादोत मेंढ्यांच्या घंटा, पाखरे, वाळलेल्या गवताचा वास आणि ठिकठिकाणची सावली, तर कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या निलगिरीत सरळ रांगा आणि शुकशुकाट. एका उतारावर जुन्या वणव्याने काळ्या पडलेल्या कॉर्क ओकांच्या माथ्यावर दाट हिरवी पालवी होती.

मुठींचा निकाल पहिल्या तीन तासांत लागला. तळवा घामाने भिजला की माझी फोमची मूठ ओशट होऊन सरकू लागली, दादाची कॉर्कची मूठ ओली होऊनही हातात बसत होती, आणि खडीच्या उतारावर काठी टेकताना मनगटाला बसणारा हादरा तिच्यात सौम्य होता. अदलाबदल करून पाहिली, मत बदलले नाही. फोमच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात : ती हलकी असते आणि खडकावर आपटली तर तिचा टवका उडत नाही. कॉर्कचा उडतो. वाले सेकोच्या आधीच्या एका उतारावर दादाची एक काठी निसटून दगडावर पडली आणि मुठीचा कोपरा वाटाण्याएवढा तुटला.

इनसोलचा अनुभव अधिक चांगला. कॉर्क-लॅटेक्सचे इनसोल प्रथम कडक वाटतात, पायाच्या उबेने आणि वजनाने हळूहळू त्यात टाचेचा व बोटांचा ठसा उमटतो, म्हणून ते नवेकोरे घेऊन लांब चालीला निघू नये, आधी दोनेक आठवडे रोजच्या वापरात ठेवावे. भिजले तर सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. शेकोटीजवळ किंवा बंद मोटारीच्या काचेमागे ठेवले तर लॅटेक्स वाळून ठिसूळ होते आणि इनसोलला आडवी चीर जाते.

झोपण्याच्या चटईबद्दल मात्र कॉर्कचा मोह आवरावा. हिशेब सोपा आहे : १८० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि १ जाड अशी चटई म्हणजे ९,००० घन सेंटिमीटर. दाबलेल्या कॉर्कचे वजन घन सेंटिमीटरला ०.२ ग्रॅम धरले तरी ती १.८ किलोची होते. ऊब तितकीच देणारी बंद पेशींची फोमची चटई अर्ध्या किलोच्याही आत येते. बसण्यापुरता वहीएवढा तुकडा ठीक, त्याहून मोठा नको.

वाले सेकोच्या मुक्कामी घरमालकीण आजींनी आम्हाला ओसरीवर बसवून थंड पाणी दिले ते कॉर्कच्या पळीतून. झाडाच्या गाठीवरची वाटोळी साल अखंड काढून केलेली ही पळी, तिला कोशो म्हणतात. पूर्वी प्रत्येक झऱ्याजवळ येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ती टांगलेली असे. आमच्या काठ्या निरखून त्या आत गेल्या आणि कॉर्कचा एक झाकणाचा डबा घेऊन आल्या. हा तारो, त्यांच्या वडिलांचा. ते मेंढपाळ होते, सकाळी घरून निघताना यात गरम जेवण भरले की दुपारी रानात ते कोमट मिळे. डब्याची साल बोटभर जाड होती, तळ आणि बाजू लाकडी खिळ्यांनी जोडलेल्या, चिकटद्रव्याचा थेंबही नाही. लाकडाची वाकवलेली कडी हातांच्या वापराने चकाकत होती. दादाने झाकण लावून-काढून पाहिले, मग मला म्हणाला, “अगं, आपण दुकानात जे शोधत होतो ते यांनी आधीच करून ठेवलंय.” आजींना ते समजले नसावे, तरी त्यांनी डबा त्याच्या हातून हळूच परत घेतला.

शुक्रवारची चाल लांब आणि चढाची होती. सेरकालला पोहोचेपर्यंत दोघेही बोलायचे बंद झालो होतो, आणि तेथील मेंढीच्या दुधाचे चीज, पाव व खरबूज यांनी ती कसर भरून काढली.

शनिवार : आग्वास दे मोउरा

लिस्बनला परतताना पाल्मेला तालुक्यातील आग्वास दे मोउरा या गावी थांबलो. तेथे रस्त्याच्या कडेला ‘शीळ घालणारा’ नावाने ओळखला जाणारा कॉर्क ओक आहे. फांद्यांत इतके पक्षी गातात की झाडच शीळ घालते, अशी नावामागची कथा. त्याची लागवड १७८३ची मानतात आणि २०१८ मध्ये तो युरोपचा ‘वर्षाचा वृक्ष’ ठरला. २००९ मध्ये या एका झाडावरून ८२५ किलो साल उतरली होती. खोडाला कुंपण आहे, पण फांद्यांचा विस्तार बाहेरपर्यंत येतो आणि त्याच्या सावलीत बाकावर बसून दुपारचे जेवण घेता येते. पक्षी खरोखरच होते, बहुतेक चिमण्या.

खाली जेवत असताना मी आमच्या सामानाची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घातली. जेथे कॉर्कला दाब, घाम, हादरा किंवा थंडी यांच्याशी प्रत्यक्ष काम आहे आणि तो निदान काही मिलिमीटर जाड आहे, तेथे तो घेण्याजोगा : मूठ, इनसोल, बसण्याचा तुकडा, गळाचा दांडा. जेथे तो केवळ रंगरूपासाठी पांघरलेला आहे, तेथे किंमत देखणेपणाची असते, आणि तशीच समजून द्यावी. दादाचे मत याहून कडक आहे, त्याला पाकीटसुद्धा नको होते.

मुठीच्या तुटलेल्या कोपऱ्यासाठी एका हस्तकलेच्या दुकानातून मूठभर बारीक कॉर्कचा दाणा मिळाला. मासेमारी करणारे लोक गळाचे दांडे ज्या पद्धतीने दुरुस्त करतात तीच आम्ही परत आल्यावर वापरली : दाणा आणखी बारीक करून पाण्याला दाद न देणाऱ्या लाकडाच्या गोंदात घट्ट कालवायचा, खळगा ओल्या फडक्याने पुसून त्यात किंचित उंच राहील असा भरायचा, रात्रभर सुकू द्यायचा आणि बारीक पॉलिशपेपरने मुठीच्या वळणाबरोबर घासून सपाट करायचा. मळकट झालेली सगळी मूठही त्याच वेळी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, वाळल्यावर पॉलिशपेपरचा एक हलका हात फिरवला तर उजळते. मात्र जोर लावून घासू नये, कारण दाणे सुटू लागतात.